पुरातल्या लुगड्यांची वाकळ: साठ फेऱ्यांची पूर्ण हकीकत

४ डिसेंबर २०२४, बुधवार, रात्री पावणेबारा. वाकळंचा शेवटचा टाका घातला, गाठ आतल्या थरात ओढून घेतली आणि दोरा तोडला. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता म्हणून आईनं घर आवरून ठेवलेलं, मी मधे हॉलमधे फरशीवर बसलेली, आणि माझं बोट सवयीनं पुढची ओळ शोधत होतं. पुढची ओळ नव्हतीच.

हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय कारण माझ्या ओळखीत निदान चार घरांत असं एक गाठोडं माळ्यावर पडलंय ज्याचं काय करायचं ते कुणाला ठरवता येत नाहीये. आमच्या गाठोड्याचं काय झालं, कुठं चुकलं, कसं सुधारलं, किती वेळ लागला, सगळं सांगते. (गोधडी आणि वाकळ एकच, आमच्या सांगलीकडं वाकळ म्हणतात, मीही तेच म्हणणार.)

गाठोडं

आम्ही मारुती चौकाच्या मागच्या बाजूला राहतो. सांगलीकरांना एवढं सांगितलं की पुढचं कळतं, बाकीच्यांसाठी सांगते की कृष्णेवर आयर्विन पूल आहे, १९२९ सालचा, आणि आख्खं गाव पावसाळ्यात त्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते विचारत असतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मधे ते ५७ च्या वर गेलं. आम्ही आधीच्या रात्री मावशीकडं विश्रामबागला गेलो होतो, नेताना कागदपत्रं, दागिने, औषधं घेतली, आजीची ट्रंक पलंगाखाली तशीच राहिली. पाणी उतरल्यावर परत आलो तेव्हा ट्रंकेत पाणी कमी आणि गाळ जास्त होता.

ट्रंकेत आजीची दोन इरकल लुगडी, रोजच्या वापरातली तीन सुती पातळं, आजोबांची दोन धोतरं, आणि आईची एक सिंथेटिक साडी, मोरपंखी रंगावर पिवळी बारीक फुलं असलेली, जी तिनं १९८८ मधे स्वतःच्या पहिल्या पगारातून कापडपेठेत घेतली होती. आजी २०१६ ला गेली, त्यामुळं ती लुगडी म्हणजे आमच्याकडं तिचं जे काही उरलं होतं ते.

तेव्हा मदतीला आलेले सगळे सांगत होते की कपडे टाकून द्या, रोगराई होईल. गाद्या, उशा, पुस्तकं सगळं रस्त्यावर ढिगात गेलं आणि ते बरोबरच होतं, पण लुगडी टाकायला आईचा हात धजला नाही. तिनं ती तीनचार पाण्यातनं काढली, वाळवली, एका चादरीत बांधली आणि माळ्यावर टाकली. त्यानंतर पाच वर्षं तिनं त्या गाठोड्याकडं बघितलं नाही. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा ते माळ्यावर होतं म्हणून वाचलं. दर दिवाळीला माळा आवरताना ते इकडनं तिकडं सरकायचं, कुणी काही बोलायचं नाही. नेसता येत नाही, देता येत नाही, जाळता येत नाही अशी वस्तू घरात असली की ती गप्प बसून जागा खात राहते, हे मला फार जाणवायचं.

२०२४ च्या पाडव्याला, ९ एप्रिलला, गुढीसाठी काठी काढायला माळ्यावर चढले आणि गाठोडं खाली घेऊन आले. आईला म्हणलं, आपण याची वाकळ करू. ती म्हणाली, "तुला येते का वाकळ?" येत नव्हती. लहानपणी आजीच्या शेजारी बसून दोनचार फेरे मारले होते तेवढंच.

कापड बघणं

आधी मी मशीनवर शिवून देणाऱ्या एकाला विचारलं होतं. त्यानं कापड हातात घेऊन बघितलं आणि नको म्हणाला, जुनं कापड मशीनखाली फाटेल. खरं होतं ते. मशीनची शिवण बारीक आणि ताणलेली असते, विरलेल्या कापडात ती छिद्रांची रांगच पाडते आणि त्या रांगेवर कापड फाटतं. हातचा धावदोरा सैल असतो, टाका लांब असतो, आणि वाकळ सगळ्या थरांची मिळून एक होते त्यामुळं कुठल्याच एका थरावर सगळा ताण येत नाही. म्हणून तर वाकळ जुन्या कापडाची होते. नव्या कापडात खळ असते, सुई जात नाही, आणि पहिल्या धुण्यात ते आटतं नि सगळी शिवण आखडते. जुनं कापड काय आटायचं ते आधीच आटलेलं असतं.

पण आमचं कापड नुसतं जुनं नव्हतं, पुरातलं होतं. बुरशी सुताला खाते. काळे ठिपके दिसतात ते वरचे, खरं नुकसान धाग्यात असतं, आणि ठिपके गेले म्हणून धाग्याची ताकद परत येत नाही. मी प्रत्येक कापड गरम पाण्यात खायचा सोडा घालून भिजवलं, एप्रिलच्या उन्हात गच्चीवर दोनदोन दिवस टाकलं, मग प्रत्येक हातभर कापड दोन अंगठ्यांत धरून ताणून बघितलं. चर्र आवाज आला की तो भाग बाद. उजेडासमोर धरलं की विरलेली जागा जाळीसारखी दिसते, ती पण बाद. हे काम कंटाळवाणं आहे आणि हेच काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, कुणी करणार असेल तर यात घाई करू नये असं माझं ठाम मत आहे. मला अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर लागला.

इरकलचं अंग सुती होतं ते बरंचसं टिकलं, पदर रेशमाचे, त्यातला एक पूर्ण गेला होता. एक पातळ गेलं, दुसऱ्याचा मधला भाग गेला. तिथं दंड घातला, म्हणजे विरलेला भाग कापून काढायचा आणि चांगली दोन टोकं जोडायची, पूर्वी लुगडं मधे विरलं की बायका असंच करायच्या नि परत दोन वर्षं नेसायच्या. धोतरं दोन्ही मजबूत. आणि आईची सिंथेटिक साडी? जशीच्या तशी. बुरशीनं तिला हातही लावला नव्हता, रंग पण गेला नव्हता.

असे पाच थर ठरले. वर इरकल, एक मरून आणि एक हिरवं जोडून. खाली अस्तराला धोतरं. मधे दोन थर सुती पातळांचे आणि एक आईच्या साडीचा. आई म्हणाली माझी साडी आतच असू दे, वर सासूबाईंचं दिसू दे. ८४ इंच लांब, ६० इंच रुंद. एका माणसाला पुरून उरेल एवढी.

शिवण

वाकळ बाहेरून आत शिवायची असते. आधी चारी कडा, मग त्याच्या आत अर्ध्या इंचावर दुसरा फेरा, मग तिसरा, असं मधे येत जायचं. १२ मेला, रविवारी सकाळी, हॉलमधली खुर्ची-टीपॉय बाहेर काढून थर अंथरले, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि पाण्याचे दोन कॅन ठेवले आणि पहिला टाका घातला.

मी हिशोबाच्या कामातली आहे, मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं करणाऱ्या ऑफिसात, त्यामुळं आकडेमोड आधीच करून बघितली होती. रुंदी ६० इंच, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच आत जायचं, म्हणजे ६० फेरे. पहिला फेरा २८८ इंचांचा. प्रत्येक पुढचा फेरा चार इंचांनी लहान. शेवटचा फक्त ५२ इंचांचा. सगळे मिळून १०,२०० इंच, म्हणजे ८५० फूट, म्हणजे पाव किलोमीटरपेक्षा जास्त अंतर सुईनं चालायचं. इंचाला तीन टाके धरले तर तीस हजारांवर टाके.

हे गणित इथं मुद्दाम देतेय कारण वाकळ अर्धवट सोडणाऱ्या बहुतेकजणी पहिल्या दहा फेऱ्यांत सोडतात आणि का सोडतात ते या आकड्यांत आहे. पहिला फेरा मला दोन तासांच्या आसपास लागला. दोन तास मान मोडून बसल्यावर उठून बघितलं तर कडेनं नुसती एक बारीक रेघ दिसत होती आणि मधे सगळं कापड तसंच पसरलेलं. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. आठवडा झाला तरी वाकळीसारखं काहीच दिसत नाही, हातात फक्त टोचलेली बोटं. पण निम्मे फेरे, म्हणजे तीस, झाले की दोन तृतीयांशाहून जास्त शिवण संपलेली असते. पुढचं सगळं उताराचं आहे. हे मला आधी माहीत होतं म्हणून मी तग धरला, नाहीतर मेमधेच गुंडाळून ठेवली असती.

अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं टोपण, पहिल्या दिवसापासून घालावं. दोरा दोन हातांपेक्षा लांब घेऊ नये, लांब घेतला की वेळ वाचेल असं वाटतं पण गुंता होतो. दोऱ्याला मेण चोळून घ्यावं. आणि आमच्या कापडाची एक गोष्ट वेगळी होती, सुई जाताना कधीकधी बारीक कर्र लागायचं. एवढ्या पाण्यातनं काढूनही कृष्णेचा गाळ विणीत अडकून राहिलेला. काही ठिकाणी सुई बाहेर येताना टोकाला करडी धूळ असायची. सुया लवकर बोथट व्हायच्या, मी एकूण सात वापरल्या. पहिल्यांदा ती धूळ दिसली तेव्हा आईला दाखवली नाही.

मेमधे चौदा फेरे झाले. जूनमधे रिटर्नं, लग्नकार्यं, वटपौर्णिमा, तरी आठ. जुलैच्या शेवटी नदीचं पाणी वाढायला लागलं नि परत घराघरांत फूट मोजणं सुरू झालं तेव्हा अर्धी वाकळ प्लास्टिकमधे गुंडाळून मी स्वतः माळ्यावर ठेवली. आईनं बघितलं, काही म्हणाली नाही. पाणी घरापर्यंत आलं नाही, पण वाकळ गणपती होईपर्यंत वरच राहिली, कारण हवा ओली होती आणि ओल्या हवेत थर चिकटतात, सुई नीट सरकत नाही. पूर्वी वाकळा चैत्र-वैशाखात शिवायच्या त्यामागं रानातली कामं संपलेली असायची हे तर आहेच, पण कोरडी हवा आणि अंगणभर ऊन हेही कारण असणार असं मला या अनुभवानंतर वाटतं.

झोळ

ऑक्टोबरचा मध्य. घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं पांघरुणं धुऊन झालेली, दसरा झालेला, मी जोरात होते, ४१ वा फेरा संपवला. फेऱ्यांच्या हिशोबानं एकोणीस राहिलेले, लांबीच्या हिशोबानं ८४ टक्के काम झालेलं. वाकळ उचलून झटकली, परत अंथरली आणि मधे हात फिरवला तर फुगा. मधला जो ४३ बाय १९ इंचांचा पट्टा शिवायचा राहिला होता तिथं वरचं कापड उभं राहत होतं. हातानं दाबलं की एकीकडं बसायचं नि दुसरीकडं उठायचं. खालच्या बाजूनं बघितलं तर धोतर सपाट, म्हणजे जास्तीचं कापड वर आणि आतमधे गोळा झालेलं.

मी दोन दिवस काही केलं नाही. खरं सांगते, त्या दोन दिवसांत मला वाटलं की असंच शिवून टाकावं, सुरकुत्या पडतील, पडू देत, पांघरायचीच तर आहे. मग आमच्या गल्लीत राहणाऱ्या आक्कांना बोलावलं. आक्का मूळच्या जत भागातल्या, वय पंचाहत्तरच्या पुढं, आयुष्यात किती वाकळा शिवल्या त्याची मोजदाद त्यांनाही नाही. त्यांनी वाकळ बघितली नाही, आधी हात आत घालून थर चिमटीत धरून चोळले.

"आत काय घातलंयस गं, नायलॉन?"

"सिंथेटिक साडी आहे आक्का, आईची."

"आणि टाचलं न्हाईस."

टाचलं नव्हतं. म्हणजे शिवायच्या आधी सगळे थर लांब कच्च्या टाक्यांनी उभे आडवे पकडून घ्यायचे असतात, मी कोपरे आणि कडा टाचल्या होत्या, मधे टाचलं नव्हतं. सगळे थर सुती असते तर कदाचित चाललं असतं कारण सूत सुताला धरतं. पण ती साडी गुळगुळीत, सुई प्रत्येक टाक्याला तिला आणि तिच्यावरच्या थरांना केसभर पुढं ढकलत होती, आणि बाहेरून आत शिवताना ढकललेलं सगळं मधेच येऊन साठणार, त्याला दुसरीकडं जायला जागाच नाही. ४१ फेरे मी तो झोळ स्वतःच्या हातानं मधे आणत होते. पुरात जे कापड सगळ्यात चांगलं टिकलं त्यानंच वाकळीत घोळ केला.

मी विचारलं, असंच शिवलं तर? आक्का म्हणाल्या, "शिव की. पर त्या चुण्या पाठीला लागत्यात, आन पयलं फाटतंय ते तिथंच. उसव नऊ-धा फेरं. आत्ता उसवलंस तर धाच जात्यात."

नऊ फेरे उसवले. १०८ फूट. रोज रात्री जेवणं झाली की बसायचं आणि टाका टाका कापून दोरा ओढायचा. शिवताना निदान काहीतरी वाढत असतं, उसवताना आपणच केलेलं आपण पुसत असतो, आणि उसवायला शिवण्याइतकी सावधगिरी लागते कारण कापड विरलेलं, जोरात ओढलं की फाटणार. चार रात्री गेल्या.

पण उसवून नुसतं होणार नव्हतं. आतली साडी चारी बाजूंनी ३२ फेऱ्यांत अडकलेली, ती ओढून सरळ करता येत नव्हती. आक्कांनी उपाय सांगितला तो ऐकून मी गप्पच झाले. वरचं लुगडं मधोमध चिरायचं. आतली गोळा झालेली साडी तिथून बाहेर काढायची, तेवढा चौकोन कापून टाकायचा, बाकीचे थर सपाट करायचे, चिरलेल्या लुगड्याच्या कडा एकमेकींवर चढवायच्या म्हणजे वरचा झोळ त्यात जिरेल, आणि त्यावर ठिगळ लावायचं.

आजीचं लुगडं चिरायचं. कात्री घेऊन मी बसले होते आणि हात पुढं जात नव्हता. गाठोडं बांधून माळ्यावर टाकलं त्या दिवसापासून आईनं या कापडांना स्वतःहून हात लावला नव्हता, धुताना नाही, उन्हात टाकताना नाही, मी शिवत असताना ती पलंगावर बसून शेंगा सोलायची नाहीतर जपमाळ ओढायची, बघायची, पण लांबून. ती उठली, माझ्याजवळ खाली बसली, म्हणाली "दे इकडं", आणि मरून आणि हिरव्याच्या जोडाजवळ बोटानं चाचपून एका सरळ रेषेत कात्री चालवली. मधे एकदा थांबली. म्हणाली, "त्या असत्या तर त्यांनीच चिरलं असतं. कापडाचं कौतुक करत बसायच्या नाहीत त्या." मग उरलेलं चिरलं.

साडीचा चौकोन बाहेर आला तो पुराआधी घडी घालून ठेवल्यासारखा ताजा, मोरपंखी, पिवळी फुलं. ठिगळ कशाचं लावायचं हा प्रश्नच उरला नाही. जी साडी आत लपवायची म्हणून घातली होती ती वर आली, वाकळीच्या बरोबर मधे. आई आधी नको नको म्हणाली, मग ठिगळाच्या कडा तिनंच दुमडून टाचून दिल्या. यावेळी मधला सगळा भाग दोन दोन इंचांवर उभा आडवा टाचला. सिंथेटिकच होतं तरी सरकलं नाही, कडा दुमडून पक्क्या केल्या होत्या आणि टाचणं होतं म्हणून. चूक साडीची नव्हती, न टाचण्याची होती.

शेवटचे फेरे

दिवाळीनंतर ३३ पासून परत. हे दिवस मला नीट लक्षात आहेत. एका फेऱ्याला आधी दोन तास लागायचे, आता तास, मग पाऊण, पन्नाशी ओलांडल्यावर अर्ध्या तासाच्या आत. एका बैठकीत दोन फेरे, मग तीन. वाकळ आपल्याला स्वतःकडं ओढायला लागते. जेवताना तिचाच विचार, ऑफिसात वीस तारखेच्या आधीची धावपळ चालू असताना मनात चालू की घरी गेल्यावर ५३ आणि ५४ होतील. आमच्या कामात काही संपत नाही, या महिन्याचं रिटर्न भरलं की पुढच्या महिन्याची बिलं आलेलीच असतात, सोळा वर्षं मी हेच करतेय आणि ते काम मला आवडतं, पण ज्याला शेवटचा आकडा आहे असं काम मी किती वर्षांत हातात घेतलं नव्हतं ते या दिवसांत समजलं.

बाहेर थंडी पडायला लागली होती, नोव्हेंबरच्या शेवटी चांगली कडक, आणि मी म्हणत होते वेळेवर होईल. मग फेंगल चक्रीवादळ आलं तिकडं तमिळनाडूकडं आणि आमच्याकडं ढग, उकाडा, थंडी गायब. ४ तारखेच्या रात्री शेवटचे तीन फेरे मारले तेव्हा पंखा लावला होता.

शेवटचा फेरा मोरपंखी ठिगळावर. एक लांबट चिंचोळी फट, दोन्ही बाजूंना तयार वाकळ, मधे बोटभर जागा. वीसेक मिनिटं. सुई जाताना आता कुठंच कर्र लागत नव्हतं. शेवटचे पाचसहा टाके मी आईला घाल म्हणलं, तिनं दोन घातले, चष्मा नीट लागत नाही म्हणून परत दिली. गाठ मारली, दोरा तोडला.

आणि मग, मघाशी म्हणलं तसं, बोट पुढची ओळ शोधत राहिलं. लगेच काही वाटलं नाही. मी ज्याची सात महिने वाट बघत होते ते आनंदाचं भरतं वगैरे आलं नाही, थोडं रिकामं वाटलं, आता उद्या रात्री काय. वाकळ उलटी केली. धोतराच्या पांढऱ्या बाजूवर कापडाचा रंग नसतो, नुसती शिवण दिसते. साठ चौकोन, एकात एक. बाहेरचे पहिले पाचसहा वाकडेतिकडे, टाके कुठं लांब कुठं आखूड, मेमधल्या माझ्या हाताचे. आत येता येता सरळ होत गेलेले. ३२ आणि ३३ च्या मधे किंचित फरक, तिथं उसवलेल्या टाक्यांची बारीक छिद्रं दिसतात, ती पहिल्या धुण्यात मिटतील असं आक्का म्हणतात. मी कडेपासून मधापर्यंत तळहात फिरवला, प्रत्येक ओळीचा उंचवटा हाताला लागत होता, कुठंही फुगा नाही, पार मधे ठिगळाशी येईपर्यंत सपाट. तिथं हात पोचला तेव्हा ते आलं. छातीत काहीतरी खाली बसल्यासारखं. माळ्यावर ते गाठोडं आता नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा खरं वाटलं. त्यातलं जे वाचण्यासारखं होतं ते सगळं इथं माझ्या हाताखाली एकमेकांना धरून होतं, आणि ते आता कुणालातरी वापरता येणार होतं.

सकाळी आईनं पूजेच्या वेळी वाकळीच्या एका कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. मग शेजारच्या काट्यावर वजन केलं, पावणेदोन किलो. सगळे मिळून उसवण्याचे धरून ऐंशी तास, कॅलेंडरवर खुणा होत्या त्यावरून. आक्का बघायला आल्या, कडेचे फेरे बघून काही बोलल्या नाहीत, मधल्या ठिगळावर नख फिरवून म्हणाल्या, "ह्ये बरं बसलं." मला ते पुरलं.

काहीजणांनी सांगितलं की एवढी मेहनत केलीयस तर भिंतीवर लाव, फ्रेम कर. मला हे पटत नाही. वाकळ उबेसाठी असते, पाच थरांच्या मधे हवा धरून ठेवते म्हणून ती गरम, आणि ती हवा अंगाची ऊब मिळाली तरच कामाची. भिंतीला थंडी वाजत नाही.

थंडी आठवड्याभरानं परत आली. त्या रात्री आईनं स्वतःहून वाकळ मागितली. रात्री दोनदा उठून बघितलं, एकदा ती ठिगळ छातीवर येईल अशी ओढून झोपलेली होती, दुसऱ्यांदा वाकळ पायाशी गेली होती ती मी वर घेतली. सकाळी विचारलं कशी वाटली, तर म्हणाली जड आहे, चांगली जड आहे, झोप लागली.

२०१९ पासून आमच्याकडं कंबरेच्या खाली कपडा ठेवत नाहीत. पलंगाखाली काही नाही, कपाटाचा खालचा कप्पा रिकामा, त्यात फक्त स्टीलची भांडी. वाकळ आईनं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलीय, जिथं तिचा हात पोचत नाही. त्यामुळं रोज रात्री साडेनऊ वाजले की ती मला हाक मारते.